काम ज्याचे, शेवटचा शब्द कोणाचा? : कलाभवनाचे विद्यार्थी दादासाहेब फाळके

भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून दादासाहेब फाळके यांना सारा देश ओळखतो. आम्हा बडोदेकर मराठी मंडळींना त्यांच्याविषयी थोडा जास्त आपलेपणा वाटतो, कारण ते आपल्या कलाभवनाचे विद्यार्थी. चित्रपटसृष्टीशी त्यांचा संबंध आला तो वयाच्या चाळिशीत. त्याआधीची बरीच वर्षे ते चित्रकार, छायाचित्रकार, नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन आणि छापखान्यातले ब्लॉकमेकर होते. आजच्या भाषेत सांगायचे तर डिझायनर.

त्यांच्या चित्रपटांची यादी अनेक ठिकाणी वाचायला मिळते, म्हणून ती येथे देत नाही. आम्हाला त्यांचे आयुष्य एका वेगळ्या प्रश्नासाठी पाहायचे आहे. मंडळाच्या कितीतरी घरांतली मुले-मुली आज जाहिरातसंस्थांत, कापडाच्या उद्योगात, संगणकाच्या कंपन्यांत डिझाइनचे काम करतात. आराखडा आपण करायचा आणि शेवटी तो कसा दिसेल हे भलत्यानेच ठरवायचे, ही तक्रार त्यांच्या तोंडून अधूनमधून ऐकू येते. फाळक्यांना हाच प्रश्न आयुष्यभर पडला होता. आपल्या कामावर शेवटचा शब्द आपला असावा यासाठी त्यांनी काय काय केले, तो अधिकार त्यांना कसा मिळाला आणि मिळालेला कसा गेला, हे समजून घेण्यासारखे आहे.

कलाभवनातली शिदोरी

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. अशा घरातला मुलगा पाठशाळेत जायचा. पण धुंडिराजचा ओढा चित्रांकडे होता. वडिलांची नोकरी मुंबईला लागली आणि १८८५ मध्ये मुलाला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश मिळाला. तिथले शिक्षण थोडके झाल्यावर तो थोरल्या भावाबरोबर बडोद्याला आला.

बडोद्यात त्या काळी महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांच्या कल्पनेतून कलाभवन उभे राहत होते. १८९० मध्ये ते सुरू झाले. कापड रंगवणे, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तिथे एका छत्राखाली शिकवले जात. कला आणि कारागिरी ही दोन वेगळी दालने नव्हेत, असा त्यामागचा विचार. फाळके तिथे रंगचित्रे शिकले, मूर्तिकाम आणि वास्तुरेखन शिकले, आणि कॅमेरा हातात आल्यावर छायाचित्रणाच्या मागे लागले. नुसते छायाचित्र काढून त्यांचे समाधान होत नसे. काच धुण्यापासून कागदावर ठसा उमटेपर्यंतची प्रत्येक पायरी त्यांना स्वतः करून बघायची असे. गज्जरांनी हा विद्यार्थी ओळखला. कलाभवनाची प्रयोगशाळा आणि छायाचित्रणाची खोली त्यांनी त्याला वापरायला दिली. छपाईसाठी लागणारे ब्लॉक तयार करण्याची विद्या शिकायला फाळके रतलामलाही जाऊन आले. १८९२ मध्ये अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती मांडली आणि तिला सुवर्णपदक मिळाले.

ही शिदोरी पुढे जन्मभर पुरली. मात्र लगेच पोट भरायला ती उपयोगी पडली नाही. फाळक्यांनी गोध्र्याला छायाचित्रांचा धंदा मांडला. तिथे प्लेगने पत्नी आणि मूल दोघांनाही ओढून नेले. ते बडोद्याला परत आले, तर छायाचित्र काढल्याने माणसाची शक्ती कमी होते असा समज गावात पसरलेला. गिऱ्हाईक येईना. मग नाटक कंपन्यांचे पडदे रंगवले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून, फाळके हे आडनाव उलटे करून प्रोफेसर केल्फा या नावाने जादूचे प्रयोगही केले. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. पत्नीचे माहेरचे नाव गिरिजा करंदीकर. सासरी त्या सरस्वतीबाई झाल्या. पुढे पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून फाळक्यांना सरकारी नोकरी मिळाली. दुसऱ्या कोणीही ती सोडली नसती.

छापखान्यातला पहिला धडा

स्वदेशीच्या चळवळीने देश तापला होता. फाळक्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि भांडवलदार भागीदाराच्या साहाय्याने लोणावळ्याला स्वतःच्या नावाचा छापखाना काढला. जवळच मळवलीला राजा रविवर्म्यांच्या चित्रांचा प्रसिद्ध छापखाना होता. त्याच्यासाठी शिळाप्रेसवर चित्रे उतरवण्याचे काम फाळके करीत. देवादिकांची ही चित्रे घराघरांत लागत होती. कोणत्या चेहऱ्यापुढे माणूस हात जोडतो, कोणती रंगसंगती त्याच्या डोळ्यांत भरते, हे फाळक्यांना तिथे कळले. पुढे त्यांच्या चित्रपटांतली दृश्ये रविवर्म्याच्या चित्रांसारखी का दिसतात, याचे उत्तर या छापखान्यात आहे.

काम वाढले. छापखाना मुंबईत दादरला आला, भागीदार बदलले, छापखान्याचे नावही बदलून लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स झाले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये फाळके जर्मनीला जाऊन आले. छपाईच्या दर्जाबद्दल नाव झाले होते. आणि याच वेळी छापखाना कसा चालवावा यावरून भागीदारांशी मतभेद झाले. फाळके बाहेर पडले. जाताना त्यांनी पैसा घेतला नाही, यंत्रांवर हक्क सांगितला नाही.

या प्रसंगाकडे नीट पाहावे असे आम्हाला वाटते. छापखान्याला नाव मिळवून देणारी नजर आणि हात फाळक्यांचे होते. पैसा, जागा आणि यंत्रे कागदोपत्री भागीदारीची होती. मतभेद झाल्यावर बोलला तो कागद. आपल्या हातात विद्या आहे, ती कोणी काढून घेऊ शकत नाही, या विश्वासावर फाळके निघून आले. तो विश्वास खरा ठरला, पण चाळिशीच्या उंबरठ्यावर घरसंसार असलेला माणूस रिकाम्या हाताने रस्त्यावर आला हेही तितकेच खरे.

आधी करून दाखवले, मग मागितले

याच पडत्या काळात मुंबईत गिरगावातल्या चित्रपटगृहात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त हलताना पाहून त्यांच्या डोळ्यांपुढे कृष्ण, राम, अयोध्या आणि गोकुळ उभे राहिले. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. पुस्तके, फिल्मचे तुकडे, छोटी यंत्रे जमवून ते रात्रंदिवस धडपडू लागले. डोळ्यांवर इतका ताण पडला की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. तिथे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाच्या संपादकाने त्यांना सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत पोचवले. चित्रपट बनताना त्यांनी तिथे पाहिला. विल्यमसन कॅमेरा आणि फिल्मला कडेची भोके पाडण्याचे यंत्र विकत घेऊन, कोडॅकच्या कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून ते परतले.

आता सर्वांत अवघड काम होते भांडवलाचे. हिंदुस्थानात असला धंदा कोणी केलेला नव्हता, तेव्हा विश्वास कोण ठेवणार? फाळक्यांनी कोणाला भाषणे दिली नाहीत. एका कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा ठेवला आणि कित्येक दिवस ठरावीक वेळाने एकेक चित्र घेतले. ती पट्टी पडद्यावर दाखवली तेव्हा मातीतून कोंब वर आला, वेल झाली, मिनिटाभरात वाढली. अंकुराची वाढ या नावाने ही छोटी फिल्म ओळखली जाते. ती पाहिल्यावर पैसे देणारे पुढे आले.

आपल्या तरुण डिझायनरांनी फाळक्यांची ही एक गोष्ट जरूर उचलावी. जे काम अजून कोणी पाहिलेले नाही, त्यासाठी अधिकार मागून मिळत नाही. वाटाण्याएवढा का होईना, पुरावा समोर ठेवावा लागतो. तो पुरावाही फाळक्यांनी असा निवडला की समोरच्याला कॅमेऱ्याचे तंत्र कळण्याची गरज पडू नये. कोंब वाढताना दिसला की पुरे.

सारे हात एका घरात

राजा हरिश्चंद्र तयार झाला तो दादरच्या त्यांच्या घरात आणि आसपास. कथा फाळक्यांची, पडदे आणि देखावे त्यांचे, वेशभूषा त्यांची, दिग्दर्शन त्यांचे, फिल्म धुणे आणि जुळवणेही त्यांचे. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग, हरिश्चंद्राच्या भूमिकेत दत्तात्रेय दाबके. तारामतीचे काम करायला एकही बाई तयार होईना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके या तरुणाला त्यांनी तारामती केले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला आणि लोकांनी गर्दी केली.

कलाभवनात विखुरलेले वाटणारे सगळे धडे इथे एकत्र आले. पडदे रंगवणे, मूर्तिकाम, रसायने, ब्लॉक, जादूचे प्रयोग, यांतले काहीच वाया गेले नाही. प्रत्येक टप्प्याचे काम स्वतःला येत होते, म्हणून हे होणार नाही असे फाळक्यांना कोणी सांगू शकत नव्हते. निर्णयाचा अधिकार त्यांनी कोणाकडून मागून घेतला नव्हता. कामाच्या ज्ञानातून तो आपोआप त्यांच्याकडे आला होता.

पण हे सारे हात त्यांचे एकट्याचे नव्हते. फिल्म कोरी यायची. अंधाऱ्या खोलीत बसून तिच्या कडेला यंत्राने एकेक भोक पाडण्याचे काम सरस्वतीबाईंनी केले. रसायने कशी मिसळायची ते त्या शिकल्या, चित्रीकरणात उन्हाचा प्रकाश वळवण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून उभ्या राहिल्या, अंगावरचे दागिने दिले, आणि घरी राहणाऱ्या साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही केला. चित्रपटाचा इतिहास लिहिताना पुष्कळ काळ त्यांचे नाव एखाद्या ओळीत येऊन जात असे. आपल्या कामाचे श्रेय आपल्याला मिळत नाही अशी तक्रार करताना आपल्या शेजारी बसून भोके पाडणाऱ्याचे नाव आपण घेतो का, हे विचारून पाहायला हवे.

नाशिकची चार-पाच वर्षे

यानंतर फाळक्यांनी कारभार नाशिकला नेला. मोहिनी भस्मासुर या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई यांनी भूमिका केल्या. पडद्यावर आलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्रिया. १९१४ मध्ये फाळके आपले चित्रपट घेऊन पुन्हा लंडनला गेले. तिथल्या तज्ज्ञांना ते आवडले आणि विलायतेत राहून चित्रपट करण्याचे निमंत्रणही त्यांना मिळाले. त्यांनी ते नाकारले. आपले काम आपल्या मातीत, आपल्या माणसांकडूनच व्हावे यावर ते ठाम होते. त्याच वर्षी महायुद्ध पेटले, भांडवल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला आणि फाळके कर्जात बुडाले. तरी १९१७ मध्ये लंकादहन पडद्यावर आला. राम आणि सीता, दोन्ही भूमिका अण्णा साळुंके यांनीच केल्या. तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीतून न्यावी लागत, अशी त्या दिवसांची आठवण सांगितली जाते.

याच काळात फाळक्यांनी आणखी एक गोष्ट केली. चित्रपट कसा तयार होतो हे दाखवणारी एक फिल्म त्यांनी बनवली आणि नवयुग मासिकात आपल्या धंद्याविषयी लेख लिहिले. गुपित लपवून आपले महत्त्व टिकवण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही. उलट, हे काम किती कष्टाचे आहे हे लोकांना कळले तर त्याची किंमतही कळेल, असा त्यांचा हिशेब होता. कारखान्याबाहेरच्या माणसांपर्यंत त्यांचा शब्द पोचला तो यामुळे.

भागीदारीचा दुसरा डाव

लंकादहनच्या यशानंतर भांडवलदार चालून आले. १९१८ मध्ये पाच भागीदारांबरोबर हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली. पैसा त्यांचा, काम फाळक्यांचे. श्रीकृष्णजन्म आणि कालियामर्दन हे चित्रपट या कंपनीचे. कालियामर्दनमध्ये फाळक्यांची लहान मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली आणि आजही तिचे ते काम पाहताना मन प्रसन्न होते.

पण छापखान्यातली गोष्ट पुन्हा घडली. एखादे दृश्य मनासारखे होईपर्यंत फाळके थांबायला तयार नसत. खर्च आणि वेळ यांकडे ते दुय्यम म्हणून पाहत. भागीदारांना वेळापत्रक हवे होते, खर्चाला लगाम हवा होता, आणि काम फाळक्यांवाचूनही चालावे अशी व्यवस्था हवी होती. भागीदारांवर सारा दोष टाकणे सोपे आहे. आम्हाला तसे करणे योग्य वाटत नाही. दुसऱ्याचा पैसा कामात घातला की त्याचा हिशेब देणे भाग असते, आणि एका माणसाच्या हातावर उभा असलेला कारखाना तो आजारी पडला की बंद पडतो, ही त्यांची भीती खोटी नव्हती. परंतु ज्या नजरेसाठी त्यांनी पैसा लावला तिलाच वेळापत्रकात कोंडले तर उरते काय, हा फाळक्यांचा प्रश्नही खोटा नव्हता. दोघांमध्ये बसून कोणता निर्णय कोणाचा हे आधीच ठरवले असते तर कदाचित निभावले असते. ते ठरले नव्हते.

फाळके कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले. तिथे त्यांनी रंगभूमी नावाचे नाटक लिहिले. त्यांच्यावाचून कंपनीचे अडले आणि त्यांना परत बोलावले गेले. दोनेक वर्षांनी ते परतले, पण आता भागीदार म्हणून नव्हे, पगारी माणूस म्हणून. चित्रपट ते करीत राहिले. शेवटचा शब्द मात्र आता त्यांचा नव्हता.

उत्तरार्ध

१९३१ मध्ये आलमआरा आला आणि पडदा बोलू लागला. फाळक्यांचा सेतुबंधन मूकपट म्हणूनच तयार झाला होता. पुढे त्याला आवाज जोडावा लागला. हिंदुस्थान फिल्म कंपनीही बंद झाली. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी गंगावतरण हा बोलपट केला. तो त्यांचा शेवटचा चित्रपट. उरलेली वर्षे नाशिकला शांतपणे, फारशी दखल न घेतली जाता गेली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ पासून भारत सरकार चित्रपटक्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार त्यांच्या नावाने देते.

फाळक्यांचा पडता काळ चालू असतानाच कोल्हापुरात वेगळाच प्रयोग झाला, त्याचाही उल्लेख इथे करायला हवा. १९२९ मध्ये बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी प्रभात कंपनी काढली. दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि भांडवल घालणारे कुलकर्णी असे पाच भागीदार. यांतले चौघे स्वतः कामाला भिडणारे होते. फत्तेलाल तर चित्रकार, प्रभातच्या चित्रपटांतले देखावे ही त्यांची कामगिरी. म्हणजे काम करणारेच मालक होते. तिथेही पुढे मतभेद झाले आणि शांताराम वेगळे झाले, पण त्याआधी एका दशकाहून अधिक काळ चित्रपटाचा शब्द चित्रपट करणाऱ्यांच्याच हाती राहिला. फाळक्यांना जे साधले नाही ते या मंडळींनी काही काळ तरी साधले.

फाळक्यांच्या आयुष्याकडे पाहून आम्हाला दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवाव्याशा वाटतात. आपल्या कामावर अधिकार मिळवण्याचा त्यांचा मार्ग आजही तसाच उपयोगी आहे : कामाची प्रत्येक पायरी शिकावी, छोटे काहीतरी करून दाखवावे, आपले काम इतरांना समजावून सांगावे. मात्र मिळालेला अधिकार टिकवायला कसब पुरत नाही. कोणता निर्णय कोणी घ्यायचा, खर्च किती, बाहेर पडताना कोणाला काय मिळणार, हे स्नेह चांगला असतानाच कागदावर लिहून घ्यावे लागते. बाहेर पडताना छापखान्यातून फाळक्यांच्या हाती काही लागले नाही, आणि हिंदुस्थान फिल्म कंपनीत ते परतले ते मालकी गमावून. चित्रकाराच्या मुलाला करारनामा वाचायला शिकवणे हे आपल्याकडे अजूनही थोडे कमीपणाचे मानतात. ते तसे मानू नये.

कलाभवनाची जुनी इमारत आजही आपल्या शहरात उभी आहे आणि महाराज सयाजीराव विद्यापीठाची तंत्रज्ञान शाखा तिथे भरते. मंडळाच्या सभासदांची मुले तिथे शिकायला जातात. त्या व्हरांड्यांतून जाताना त्यांनी एवढे लक्षात ठेवले तरी पुरे, की याच कलाभवनात एक तरुण काच कशी धुवायची आणि ठसा कसा घ्यायचा हे मन लावून शिकत होता. तिथे शिकलेले त्याला पुढे कोणाही भागीदाराने काढून घेता आले नाही.